सहा डझन कुकीज आणि एक रिकामा डबा

१७९६ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड गावी, सत्तेचाळीस पानांचं एक पुस्तक छापलं गेलं. नाव 'अमेरिकन कुकरी', लेखिका अमिलिया सिमन्स. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख एवढीच दिली आहे की ती एक अमेरिकन अनाथ आहे. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानलं जातं. त्यात नाताळच्या कुकीची एक कृती आहे आणि मराठी वाचक ती वाचताना एका जागी थबकतोच. तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि चहाचा कप भरून धन्याची बारीक पूड! पीठ पाऊण इंच जाड लाटायचं, साच्याने कापायचं आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचं. शेवटी बाई सांगतात, की या कुकीज सुरुवातीला कडक आणि कोरड्या लागतील. पण मातीच्या भांड्यात भरून तळघरात ठेवल्या, तर सहा महिन्यांनी मऊ आणि अधिक चविष्ट होतील.

सहा महिने टिकणारी कुकी कोणी भट्टीतून काढल्या काढल्या खाण्यासाठी करत नाही. ती साठवायची, पाहुण्यांपुढे ठेवायची, कुणाला तरी बांधून द्यायची. नंतरच्या सव्वादोनशे वर्षांत धने गेले आणि व्हॅनिला आला. पिठाच्या मानाने लोणी जवळपास दुप्पट झालं, वर रंगीत साखरेचा थर चढला. पण आज 'शुगर कुकी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाचा मूळ स्वभाव तोच राहिला. तो प्रवासाला निघण्यासाठी घडवला जातो. त्याच्या कृतीतल्या बारीकसारीक अटींमागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

या प्रवासाचं आजचं सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे डिसेंबरातली कुकी-अदलाबदल. अमेरिकेत तिला 'कुकी एक्स्चेंज' किंवा 'कुकी स्वॅप' म्हणतात. रीत साधी आहे. एक यजमान, आठ-दहा पाहुणे. प्रत्येकाने एकाच प्रकारच्या कुकीज भरपूर करून आणायच्या, सोबत कृतीच्या प्रती आणायच्या आणि एक रिकामा डबा. टेबलावर सगळ्यांची ताटं मांडली जातात, थोडं चाखणं होतं, गप्पा होतात आणि मग प्रत्येक जण टेबलाभोवती फिरत प्रत्येक ताटातून ठरलेल्या संख्येने कुकीज उचलतो. बारा जण असतील आणि प्रत्येक ताटातून सहा घ्यायच्या असतील, तर प्रत्येकाने सहा डझन आणायच्या. घरी परततानाही डब्यात सहा डझनच असतात, फक्त बारा प्रकारच्या. पीठ एकदाच मळायचं, भट्टी एकाच तापमानाला लावायची आणि सणाला घरात बारा चवी. गणित असं सरळ आहे, म्हणूनच त्याचे नियमही कडक आहेत. दुकानातून आणलेली चालत नाही, दोघांनी एकच प्रकार आणायचा नाही आणि येणार म्हणून कळवलं की यायचंच. ऐन वेळी एक जण गळाला तरी बाकीच्या अकरा जणांचा हिशेब चुकतो.

या रिवाजाची मुळं युरोपातल्या घरांत आहेत. न्यू यॉर्क जेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, म्हणजे १६६४ पर्यंत, तेव्हा तिथल्या डच वसाहतकऱ्यांनी आपल्या गोड, चपट्या कुकीज सोबत आणल्या होत्या. त्याच डचांची वखार १६१६ पासून सुरतेत होती आणि नानकटाईची गोष्ट सांगणारे तिचा उगम सुरतेतल्या डच भट्ट्यांशीच जोडतात. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मन भाषक आले. त्यांच्यातल्या मोरेव्हियन पंथीयांनी वसवलेल्या नाझरेथ गावाला आजही वाटतं, की शुगर कुकीचं खरं माहेर आपलंच. जर्मन घरांत नाताळात साच्यातल्या कुकीज होत. पेनसिल्व्हेनियातले कल्हईच्या पत्र्याचं काम करणारे कारागीर उरलेल्या पट्ट्या वाकवून त्यांचे साचे बनवत: घोडा, पक्षी, तारा, हृदय.

या साच्यांना नाताळच्या झाडाने आणखी काम दिलं. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र छापून आलं. १८५० साली 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं, मात्र राणीचा मुकुट आणि तिचा पती आल्बर्ट याच्या मिशा पुसून. अमेरिकन वाचकांना ते आपल्यातलंच कुटुंब वाटावं, हा हेतू. झाडाची प्रथा मध्यमवर्गात पसरली आणि त्यावर टांगायला फळं, मेणबत्त्यांबरोबर कुकीजही आल्या. भाजण्याआधी वरच्या टोकाला भोक पाडलं की दोरा ओवता येई. टांगलेली कुकी वाकून चालत नाही, तुटूनही चालत नाही.

मधल्या काळात पीठ फुगवण्याचं साधनही बदललं. सिमन्सबाई दुधात 'पर्ल ॲश' विरघळवत. पर्ल ॲश म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेलं शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट. ते त्या काळी इतकं मोलाचं होतं, की ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेने दिलेलं पहिलंच पेटंट सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या पोटॅश आणि पर्ल ॲश बनवण्याच्या पद्धतीला मिळालं. त्यावर अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. हा क्षार आम्लाशी भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ हलकं होतं. त्याचा तोटा असा, की जास्त झाला आणि लोण्याशी जुळला तर साबणासारखी चव येते. १८५६ साली हार्वर्डमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी बेकिंग पावडरमध्ये वापरता येईल असा आम्लधर्मी फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं आणि राखेची जागा डबाबंद पावडरीने घेतली.

गंमत अशी, की साच्याने कापायच्या शुगर कुकीला हे फुगणं फारसं नकोच असतं.

चॉकलेट चिप कुकी ट्रेवर पसरली, कडेने कुरकुरीत झाली, तर कौतुक होतं. शुगर कुकीत तारा काढला असेल तर पाचही टोकं भट्टीतून तशीच बाहेर यावी लागतात. म्हणून तिच्या सगळ्या युक्त्या पसरणं रोखण्यासाठी आहेत. सर्वसाधारण कृतीत सुमारे ३७० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, २०० ग्रॅम बारीक साखर, एक अंडं, दोन चमचे व्हॅनिला, अर्धा चमचा मीठ आणि अगदी थोडी बेकिंग पावडर असते. काही जण ती घालतच नाहीत. यात सात-आठ सेंटिमीटरच्या अडीच-तीन डझन कुकीज होतात, म्हणजे सहा डझनांसाठी पीठ दोनदा मळावं लागतं. अमेरिकन कृती कपाने मोजतात आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. हलक्या हाताने भरलेल्या कपात १२० ग्रॅम मैदा बसतो, दाबून भरला तर १५० ग्रॅमच्याही पुढे जातो. त्यामुळे शहाणे लोक वजनकाटा काढतात.

लोणी आणि साखर फेटताना लोणी १८ ते २० अंश सेल्सियसला हवं, बोट दाबलं की खळगा पडेल पण चकाकी दिसणार नाही इतपत. साखरेचे कण लोण्यात हवेच्या बारीक पोकळ्या करतात. केकसाठी खूप फेटतात, इथे मिश्रण एकजीव झालं की थांबायचं. जास्त हवा कोंडली तर कुकी भट्टीत फुगते आणि बाहेर येऊन खाली बसते, कडा धूसर होतात. मैदा घातल्यावरही हात आवरायचा. जितकं मळाल तितकं ग्लुटेन तयार होतं, कुकी चिवट होते आणि भट्टीत आक्रसते. पीठ दोन बेकिंग पेपरच्या मध्ये सहा मिलिमीटर जाड लाटलं, की लाटताना वरचा मैदा लागत नाही आणि उरलेलं पीठ पुन्हा लाटलं तरी कोरडं पडत नाही.

मग येते सर्वांत मोठी युक्ती, थंडी. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. भट्टी असते १७५ अंशांच्या आसपास. तापू लागलेल्या कुकीत दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे लोणी वितळून आणि साखर विरघळून पीठ सैल होतं, दुसरीकडे अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन आकार पकडतात. कापलेले आकार पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले, तर लोणी वितळायला उशीर होतो आणि शर्यत आकाराच्या बाजूने जाते. गरम ट्रेवर पुढची खेप मांडली किंवा ट्रेला तूप-लोणी फासलं, तर सगळी मेहनत वाया जाते. आठ ते बारा मिनिटांत कडा जेमतेम सोनेरी दिसल्या की बाहेर काढायच्या. मधला भाग त्या वेळी कच्चा वाटतो, पण तो ट्रेच्या उष्णतेवर शिजतो. मध्यही सोनेरी होईपर्यंत थांबणाऱ्याच्या कुकीज दुसऱ्या दिवशी दाताला लागतात.

सजावटीलाही तोच निकष. बटरक्रीम चवीला चांगलं, पण डब्यात एकावर एक रचलं की चिकटतं. म्हणून अदलाबदलीच्या टेबलावर राज्य करतं ते रॉयल आयसिंग. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून केलेलं हे मिश्रण वाळलं की कठीण, गुळगुळीत होतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ च्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर बदामाच्या थरानंतर असा साखरेचा थर द्यायला सांगितलं होतं. हे आयसिंग वाळताना पाणी उडून जातं, साखरेचे सूक्ष्म स्फटिक राहतात आणि अंड्यातली प्रथिनं त्यांना बांधून धरतात. या प्रथिनांचा शत्रू स्निग्धपणा. भांड्याला तेलाचा ओशटपणा असेल, तर आयसिंग फुलत नाही. प्लास्टिकच्या भांड्यात तो धुऊनही राहतो, त्यामुळे स्टीलचं किंवा काचेचं भांडं बरं. अमेरिकन स्वयंपाकघरात आता कच्च्या अंड्याऐवजी 'मेरँग पावडर' वापरतात. तिच्यात निर्जंतुक करून वाळवलेला अंड्याचा पांढरा भाग असतो, त्यामुळे साल्मोनेलाची भीती राहत नाही.

हाताचं खरं कौशल्य आयसिंगच्या पातळपणात आहे आणि ते सेकंदांत मोजतात. आयसिंगवर सुरीने रेघ ओढायची आणि ती किती वेळात बुजते ते पाहायचं. न बुजणारं घट्ट आयसिंग पाकळ्यांसाठी. वीस-पंचवीस सेकंदांत बुजणारं बाह्यरेषेसाठी. दहा-पंधरा सेकंदांत सपाट होणारं आत भरण्यासाठी. आधी कोनाने आकाराची कड रेखायची, मग पातळ आयसिंगने आतली जागा भरायची आणि टूथपिकने कोपऱ्यांपर्यंत ओढायचं. खालचा थर ओला असतानाच त्यावर दुसऱ्या रंगाचे ठिपके टाकून टूथपिक फिरवली, तर ते आत मुरून सपाट नक्षी होते. ठिपके उठून दिसायला हवे असतील, तर खालचा थर वाळू द्यावा लागतो. पूर्ण वाळायला आठ ते चोवीस तास. शेजारी पंखा लावला, तर वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि चकाकी टिकते.

नवशिके इथे ठरलेल्या ठिकाणी अडखळतात. लाल आणि पांढरा शेजारी भरले की सकाळी पांढऱ्यात गुलाबी ओघळ दिसतात, कारण ओल्या थरातून रंग झिरपतो. उपाय असा, की गडद रंग आधी भरून वाळू द्यायचा आणि पाण्यासारख्या रंगाऐवजी जेल रंग वापरायचा. जेल रंग थोडा लागतो, त्यामुळे पाणी वाढत नाही. छोट्या जागेत, म्हणजे सांताच्या बटणावर किंवा हरणाच्या नाकावर, आयसिंग वाळताना खचतं आणि खड्डा पडतो. तिथे घट्ट मिश्रण हवं. आयसिंगवर तेलकट डाग उमटले, तर समजावं की कुकीतलं लोणी वर चढलं. कुकी पूर्ण थंड न होता आयसिंग घातलं की हे हमखास होतं.

रंगांच्या मागे कायदाही आहे. नाताळच्या लाल रंगाला कितीतरी वर्षं 'रेड नंबर ३' चालत होता. नर उंदरांवरच्या प्रयोगांत कर्करोग दिसल्यामुळे सौंदर्यप्रसाधनांत त्याला १९९० सालीच बंदी झाली, खाद्यपदार्थांत मात्र तो राहिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतही त्याला बंदी जाहीर केली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. चांदीच्या चकचकीत गोळ्यांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे काजूकतलीवरचा वर्ख बिनदिक्कत पोटात जातो. अमेरिकेत त्या रुपेरी गोळ्या फक्त शोभेच्या मानल्या जातात आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

अदलाबदलीचा रिवाज सगळीकडे सारखा नाही. न्यू मेक्सिकोत डिसेंबरातल्या टेबलावर बडीशेपेच्या जातीच्या ॲनिसचा वास येतो, कारण तिथली डुकराच्या चरबीत केलेली 'बिस्कोचितो' १९८९ पासून त्या राज्याची अधिकृत कुकी आहे. पिट्सबर्ग आणि यंग्सटाउन या पोलादाच्या शहरांत कुकीज लग्नाला जातात. मावश्या, आत्या, शेजारणी आठवडे आधीपासून डझनांनी भाजतात आणि केकच्या बाजूला रुखवतासारखं कुकीजचं टेबल मांडलं जातं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली गावातल्या मैत्रिणींची वार्षिक अदलाबदल इतकी गाजली, की १९८६ साली तिच्या कृतींचं पुस्तक निघालं. मिनीआपोलिसचं 'स्टार ट्रिब्यून' हे दैनिक २००३ पासून दर नाताळाला वाचकांची कुकी-स्पर्धा घेतं.

वाटून घेण्यात काटकसरही आहे. दुसऱ्या महायुद्धात मे १९४२ मध्ये अमेरिकेत साखरेचं रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला साधारण अर्धा पौंड. रेशनवर सर्वांत आधी आलेला खाद्यपदार्थ साखर आणि सर्वांत शेवटी, जून १९४७ मध्ये, सुटलेलाही साखरच. तेवढ्या साखरेत बारा प्रकार करणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

गोव्यात आणि वसईत हाच व्यवहार टेबलाऐवजी दारोदार होतो. नाताळात गोव्यातली ख्रिस्ती घरं 'कोन्सोआदा'ची ताटं शेजाऱ्यांकडे पाठवतात. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात त्याला 'कुसवार' म्हणतात. ताटात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल आणि नारळ-रव्याच्या बोलिन्हा असतात. हिंदू शेजाऱ्यांकडेही ताट जातं आणि चवथीला, दिवाळीला तिकडून फराळ येतो. ज्या घरात दुःख झालं असेल तिथे त्या वर्षी काही करत नाहीत. त्या घराला शेजारी पुरवतात. यजमान, आमंत्रण, मोजदाद यांतलं काहीच इथे लागत नाही. संख्या कुणी मोजत नसलं, तरी कुणाचं ताट आलं आणि कुणाचं नाही, हे घरातल्या बायकांना नेमकं ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांना मुलांच्या शाळेतून अदलाबदलीचं बोलावणं आलं की अनेकदा पहिला प्रश्न अंड्याचा. पिठातल्या अंड्याऐवजी दोन-तीन चमचे दूध किंवा दही चालतं. आयसिंगचं कोडं मात्र बराच काळ सुटत नव्हतं, कारण मेरँग पावडरीतही अंडंच. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी डब्यातल्या शेंगवर्गीय बियांचं पाणी फेटलं की अंड्यासारखा फेस येतो हे दाखवलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी काबुली चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावरच मेरँग केलं. हे पाणी आटवून घट्ट केलं आणि पिठीसाखरेत फेटलं, तर रॉयल आयसिंग होतं. वाळायला थोडा जास्त वेळ लागतो. छोल्यांचा वास येत नाही, व्हॅनिला तो झाकून टाकतो.

दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या पदार्थाबरोबर जबाबदारीही जाते. २०१६ मध्ये अमेरिकेत ई. कोलायची साथ थेट मैद्यापर्यंत जाऊन पोहोचली. मैदा हा कच्चाच पदार्थ आहे, त्यामुळे भांड्याला लागलेलं पीठ चाटू नये, असं तिथलं प्रशासन आता दर डिसेंबरला बजावतं. ॲलर्जीचं तर विचारूच नका. अमेरिकन कायद्याने दूध, अंडं, गहू, सोयाबीन, शेंगदाणा, झाडावरचे कठीण कवचाचे मेवे, मासे, कवचधारी जलचर आणि २०२३ पासून तीळ, असे नऊ घटक वेष्टणावर लिहिणं सक्तीचं आहे. घरगुती अदलाबदलीला कायदा लागू नसला, तरी जाणती यजमानीण प्रत्येक ताटासमोर घटकांची चिठ्ठी ठेवायला सांगते.

विक्रीला मात्र कायदा लागू होतो आणि त्याच्याशी कुकीवाल्यांनी बरीच झुंज दिली आहे. घरी भाजलेली कुकी विकता यावी म्हणून विस्कॉन्सिनमधल्या तीन शेतकरी महिला न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये जिंकल्या. घरी भाजलेले पदार्थ विकायला परवानगी देणारं शेवटचं राज्य न्यू जर्सी. तिथे ती २०२१ मध्ये मिळाली. २०१२ साली सॉल्ट लेक सिटीत फक्त कुकी सजवणाऱ्यांचं पहिलं 'कुकीकॉन' संमेलन भरलं. आज एका डझन हातकामाच्या कुकीजसाठी लोक केकच्या किमतीचे पैसे मोजतात.

यंदा डिसेंबरात सोसायटीत किंवा कार्यालयात अशी अदलाबदल करायची असेल, तर सहा जण पुरेत आणि माणशी सहा नग. म्हणजे प्रत्येकाने तीन डझन, एका मळणीत होणारे. पीठ महिनाभर आधी लाटून, कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. भाजणं तीन दिवस आधी, आयसिंग दोन दिवस आधी. वाळलेल्या कुकीज हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून, दोन आठवडे चांगल्या राहतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, दमटपणाने रंग ओघळतो. पहिल्या वर्षी साचा एकच घ्या, रंग दोनच. अंडं आहे की नाही, हे चिठ्ठीवर ठळक लिहा.